जवळून डोंगर साजरे

आपल्याकडे एक म्हण आहे, दुरून डोंगर साजरे. शाळेत तिचा वाक्यात उपयोग करून आपण सगळ्यांनीच गुण मिळवले आहेत. माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. नातेवाइकांचा अनुभव कुणाला नाही? पण डोंगरांच्या बाबतीत ती साफ खोटी आहे, आणि तिच्यावरचा जुना राग हेच ही चळवळ सुरू करण्याचं पहिलं कारण आहे. डोंगर जवळून अधिक साजरा दिसतो. त्याचा दगड हातात घेतला आणि तो कसा झाला हे कळलं, की आणखी साजरा दिसतो. फुलाचं तेच, पाखराचं तेच, समुद्राच्या रंगाचंही तेच. एवढं एकच म्हणणं मांडायला आम्ही एकत्र आलो आहोत.

आम्ही म्हणजे कोण? आमच्यात शास्त्रज्ञ फार नाहीत. भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. एसटीत वाहक म्हणून नोकरी करताना घाटातला प्रत्येक कडा खिडकीतून पाठ झालेल्या एक बाई आहेत. रोपवाटिका चालवणारं एक जोडपं आहे, शनिवारी बँक सुटली की पाठीला पिशवी लावणारे दोघे आहेत, काही कॉलेजातली मुलं आहेत. आमची बैठक होते तिथे व्यासपीठ नसतं, हारतुरे नसतात, शाल-श्रीफळ तर नाहीच. चळवळीला नावही दिलेलं नाही. नावं ठेवायला लोक आहेतच.

आमच्यावर काय आरोप होणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तो जुना आहे. १८१७ साली लंडनमध्ये एका चित्रकाराच्या घरी जेवणावळीत कवी कीट्स आणि त्याच्या मित्रांनी न्यूटनवर ठपका ठेवला होता, की या माणसाने इंद्रधनुष्याला लोलकातल्या रंगांवर आणून ठेवलं आणि त्यातली कविता संपवली. आपल्याकडे हाच आरोप जास्त प्रेमाने होतो. रानात तुम्ही फुलाजवळ भिंग नेलं की बरोबरची माणसं म्हणतात, ‘जाऊ दे ना रे, आस्वाद घे. चिरफाड कशाला?’

आरोपात तथ्य नाही, असं आम्ही म्हणत नाही. चिरफाड झालेली आहे, आणि आमच्यासमोर झालेली आहे. हा मसुदा लिहिणाऱ्याला आठवतं, नववीच्या वर्गात जास्वंदीची फुलं आणली होती. ब्लेडने उभा छेद घ्यायचा, आकृती काढायची, पेन्सिलने उजव्या बाजूला नावं द्यायची. एका मुलाने विचारलं, जास्वंद लाल का असते? उत्तर आलं, ‘ते परीक्षेत येत नाही.’ आकृतीत बीजांडकोश थोडा तिरका आला म्हणून त्याच मुलाचा अर्धा गुणही कापला गेला. फुलाची हत्या झाली हे खरं, पण ती विज्ञानाने केली नव्हती. लाल का, असं विचारणं हे विज्ञान होतं आणि त्याचं तोंड त्या दिवशी बंद केलं गेलं. त्या मुलाला कुणी सांगितलं असतं की लाल रंग पाखरांच्या डोळ्यांत ठळक भरतो, मधमाश्यांना मात्र तो आपल्यासारखा दिसत नाही, म्हणून लाल फुलांची गिऱ्हाइकं बहुतेक चोचवाली असतात, तर तो घरी जाऊन कुंपणापाशी शिंजिराची वाट बघत बसला असता. आकृती न काढताही.

आता डोंगराकडे येऊ, कारण म्हणीचं उत्तर तिथेच द्यायला हवं.

पावसाळा संपता संपता माळशेजच्या किंवा वरंध्याच्या घाटात उभे राहा आणि समोरच्या कड्याकडे बघा. आडवे पट्टे दिसतात. एक उभा काळा कडा, त्याखाली गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कुणी तरी डोंगराला पायऱ्या पाडल्यात असं वाटतं. युरोपातल्या भूवैज्ञानिकांनाही तसंच वाटलं, म्हणून त्यांनी या खडकाला पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हटलं. दख्खनचा हा ट्रॅप आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं तसा तो पसरला. थांबला, थिजला, मग त्यावर पुढचा आला. प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा उतू गेलेला लाव्हा.

उतार आणि कडा का, तेही त्यातच आहे. वाहता लाव्हा थिजताना आतले वायू वर येतात आणि वरच्या थराला जाळी पडते, तव्यावरच्या घावनाला पडते तशी. हा जाळीदार थर ठिसूळ असतो, पाऊस त्याला खाऊन उतार करतो. मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट. तो सरळ उभा तुटतो आणि कडा होतो. लाव्ह्याच्या दोन पुरांमध्ये कधी कधी इतका काळ गेला, की खालच्या खडकाची माती झाली आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्याने ती विटेसारखी भाजून काढली. घाटरस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात मध्येच एक तांबडा पट्टा दिसतो ना, ती जमीन आहे. काही कोटी वर्षांपूर्वी उघड्यावर असलेली जमीन, जिच्यावर त्या काळी पाऊस पडत होता.

हे एकदा कळलं की गडावर जाणं पूर्वीसारखं राहत नाही. कड्याची तटबंदी निसर्गाने दिली असं आपण भाषणात म्हणतो. ती दिली कुणी आणि कशी, हे आता पायांखाली कळतं. माची जिथे पसरते तिथे ठिसूळ थर झिजलेला असतो, बालेकिल्ला जिथे उठतो तिथे घट्ट थर टिकून असतो. एवढ्या उंचीवर पाण्याचा झरा कसा, याचं उत्तरही पुष्कळदा दोन थरांच्या सांध्यात मिळतं: वरच्या जाळीतून आणि भेगांतून पाझरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कड्याच्या कुशीतून बाहेर येतं. महाराजांची दूरदृष्टी याने तसूभरही कमी होत नाही. उलट त्यांनी आणि त्यांच्या गडकऱ्यांनी हा खडक किती बारकाईने वाचला होता, ते कळून छाती भरून येते. वेरूळच्या कैलासाचंही तसंच. तो ज्या खडकात वरून खाली कोरत आणला, तोही याच पुरांतला.

आणि ती जाळी? तिच्या भोकांतून पुढे लाखो वर्षं कोमट, खनिजं विरघळलेलं पाणी फिरत राहिलं आणि भोकांच्या आत स्फटिक वाढले. पांढरे, मोतिया, गुलाबीसर स्टिल्बाइट. काचेसारखे हिरवट अ‍ॅपोफिलाइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट नावाचं एक निळं खनिज मिळतं. इतकं निळं, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुणी तरी रंगवलंय असा संशय येतो. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. जगभरच्या संग्रहालयांत आपल्या खडीच्या खाणींतले हे स्फटिक काचेच्या कपाटांत ठेवलेले आहेत, आणि आपण त्याच खाणींसमोरून धुळीला शिव्या घालत मोटारसायकल हाकत असतो. (शिव्या रास्त आहेत. धूळ खरंच फार असते.)

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते आम्हाला फार आवडतं. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, की हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणाहून आला ते ठिकाण जागच्या जागी राहिलं आणि भारताची भूमी त्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. मागे समुद्रात त्याच ठिकाणाने बेटं उभी केली. त्यांतलं एक मॉरिशस. शेजारच्या रेयुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही त्याच चुलीवर धगधगतो आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि घाटावरून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेली मराठी माणसं उसाच्या शेतातले काळे दगड उचलत होती, तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही की हा दगड गावाकडच्या दगडाचा धाकटा भाऊ आहे. आज त्यांच्या पणतवंडांना सांगता येईल. हे सांगून झाल्यावर सह्याद्री कमी सुंदर झाला असं ज्याला वाटेल त्याने आमच्यात येऊ नये. आमचं त्याच्याशी भांडण नाही, पण त्याला आमचा कंटाळा येईल.

सुगरणीचं उदाहरण याहून नाजूक आहे, कारण तिथे कविता आडवी येते. बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलं ते महाराष्ट्राच्या घराघरांत पाठ आहे. जळगावकडच्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईने एवढ्याशा चोचीतली विणकाम करणारी बुद्धी ओळखली. त्या कवितेतली सुगरण आई आहे, पिलांसाठी घर बांधणारी. आपली भाषाही तिलाच साथ देते: सुगरण म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी, घर राखणारी बाई.

१९३० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. नोकरी नव्हती, वेळ होता, आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून बघत राहिले. त्यांना दिसलं ते असं: घर बांधतो तो नर. पिवळ्या टोपीचा. गवताच्या, पातीच्या बारीक चिरफळ्या काढतो, पहिली गाठ मारतो, झोका करतो, त्याचं टोप्यासारखं अर्धं घरटं करतो, आणि तिथे थांबतो. मग पंख फडफडवून बोलावतो. माद्या येतात, आत शिरून बघतात, पटलं नाही तर निघून जातात. एखादीला पटलं की नर पुढचं काम करतो, खाली लांब नळी लावतो, आणि मादी आत अंडी घालून बसते. तोवर हा पठ्ठ्या शेजारच्या फांदीवर दुसऱ्या घरट्याची पहिली गाठ मारत असतो. दुसऱ्या मादीसाठी. पिलांचं बरंचसं ओझं मादीवरच पडतं. पूर्ण घरट्याला सुमारे १८ दिवस लागतात, आणि कुणीच न पत्करलेली अर्धी घरटी झाडावर तशीच लोंबत राहतात. बाभळीवर दिसतात तुम्हाला, ती टोप्यासारखी. अर्धवट राहिलेली लग्नं आहेत ती. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक भर घातली: मादी विणीच्या कसबापेक्षा घरट्याच्या जागेला जास्त भाव देते. काटेरी झाड, उंच फांदी. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग बहिणाबाई चुकल्या का? घर कोण बांधतं याचा तपशील चुकला, एवढंच. त्या ज्याने थक्क झाल्या ती चोच, ती वीण, वाऱ्यावर झुलणारं ते घर, सगळं खरं आहे आणि जसंच्या तसं उभं आहे. त्यात आता आणखी एक नाट्य आलं. आधी एक गोष्ट होती, आता दोन आहेत. पाहताना आम्हाला दोन्ही हव्यात. लोकांनी सांगितलेली तिसरीही आहे: सुगरण घरट्याच्या भिंतीला ओल्या मातीचा गोळा लावते आणि त्यात काजवा चिकटवून रात्री उजेड करते. मातीचे गोळे खरोखर असतात. घरटं वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून ते असावेत असं मानतात. काजवा मात्र कुणाला सापडला नाही. ही तिसरी गोष्ट आम्ही पोरांना जरूर सांगू, आणि मग घरट्याखाली उभं करून विचारू, ‘बघ बरं, आहे का दिवा?’

समुद्राबद्दल थोडक्यात. १९२१ साली सी. व्ही. रामन युरोपातून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या निळ्या पाण्याकडे तेही इतर उतारूंसारखेच बघत राहिले. त्या काळी लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण होतं: समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम होतं. त्यातून पाहून त्यांनी पाण्यावर परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश छाटून टाकला. प्रतिबिंब गेलं की निळा रंग फिका पडायला हवा होता, पण तो आणखी गडद झाला. म्हणजे निळा पाण्याचा स्वतःचाच आहे. बोट मुंबई बंदराला लागेपर्यंत त्यांचं पत्र तयार होतं. ‘नेचर’ला गेलेल्या त्या पत्राखाली पत्ता आहे ‘नारकुंडा’ बोट, मुंबई बंदर, आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. तिथून सुरू झालेली वाट २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेली. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, त्याचाही या निळ्यात मोठा वाटा आहे हे आज आपल्याला माहीत आहे. आम्हाला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की तो माणूस आधी रेलिंगला टेकून समुद्र बघत उभा होता. आधी रंग आवडला, मग प्रश्न पडला. ज्याला निळा रंग मोहवत नाही तो खिशातून प्रिझम काढेलच कशाला? (मुंबईत उतरल्यावर पाणी गढूळ होतं, हे ओघाने आलंच. तो खाड्यांचा गाळ. त्याचीही गोष्ट आहे, पुन्हा कधी.)

ज्ञानाने सौंदर्य वाढतं, असं आम्ही म्हणतो तेव्हा ते नेहमी गोडच होतं, असा दावा करत नाही. इथे आमच्यात दोन रात्री वाद झाला आणि जे ठरलं ते लिहितो.

अलीकडे हिवाळ्यात मुंबईच्या, कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकतात. बातमी फिरते, गाड्या भरून लोक जातात, आम्हीही गेलो. पायाने पाणी हलवलं की निळी ठिणगी उठते, वाळूवर पावलाचा ठसा क्षणभर उजळतो. अंगावर काटा येतो. हा नॉक्टिल्युका नावाचा एकपेशी जीव. पाणी ढवळलं गेलं की तो प्रकाश देतो. आणि मग कळतं, की शास्त्रज्ञांच्या मते अरबी समुद्रात प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात याचं फावतं, आणि आपलं सांडपाणी त्याच्या वाढीला हातभार लावत असावं. हे कळल्यावर ती निळाई पूर्वीसारखी राहत नाही. आमच्यातल्या एकीने विचारलं, मग न कळणंच बरं नव्हतं का? आम्ही दुसऱ्या रात्री पुन्हा किनाऱ्यावर गेलो. लाटा तेवढ्याच सुंदर होत्या. आजारी माणसाच्या गालावरची तापाची लाली सुंदर दिसते, आणि ती ताप आहे हे ज्याला कळतं तोच उशाशी बसतो. आम्ही कळण्याच्या बाजूने मत दिलं. एक मत विरुद्ध पडलं, तेही इथे नोंदवतो.

हेच कासच्या पठारावर. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलं आणि सप्टेंबरात गाड्यांची रांग लागू लागली. लोक येतात, निळ्या-जांभळ्या गालिच्यासमोर पाठ करून उभे राहतात, फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. त्या गालिच्यातलं एक इवलंसं फूल म्हणजे सीतेची आसवं. नाव किती सुंदर! आणि खाली? जांभ्यावरच्या त्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून हे झाड शिकार करतं. ओल्या मातीत त्याच्या धाग्यांना टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. झाड पिशवीतलं पाणी उपसून आत ताण निर्माण करतं. एखाद्या सूक्ष्म जिवाचा दाराशी केसाला धक्का लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद. सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. वर आसवं, खाली सापळे. ज्याला हे माहीत आहे तो गालिच्यावर पाय देऊच शकत नाही. पाटी लावून, दोरी बांधून, दंड आकारून जे साधत नाही ते एवढ्या माहितीने साधतं, असा आमचा अनुभव आहे. काजव्यांच्या गावांतही तेच: तो लुकलुकाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद आहे, हे उमजलेला माणूस गाडीचे हेडलाइट आपसूक बंद करतो.

आता आमचं वागणं कसं असेल ते.

चळवळीत येणाऱ्याने घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडायची आणि वर्षभर तिथेच परत परत जायचं. कास नको, हरिश्चंद्रगड नको, निदान पहिल्या वर्षी नको. ओढ्याचा काठ, गावाबाहेरची बंद पडलेली खाण, सोसायटीच्या मागचं उंबराचं झाड, अंधेरीकरांना गिल्बर्ट हिल. गिल्बर्ट हिलचं नाव मुद्दाम घेतलं. लाव्हा थिजताना आकसला, चिखल वाळताना तडकतो तसा तडकला आणि त्याचे उभे खांब झाले. त्या खांबांचा सुमारे ६० मीटर उंच सुळका इमारतींच्या गराड्यात उभा आहे आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. रोज त्याच्या पायथ्याहून रिक्षा जातात. किती जणांनी मान वर केली?

जागेवर गेल्यावर दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फोन खिशात. आधी बघायचं. नाव नंतर. नाव कळलं की काम झालं असं समजण्याचा रोग आपल्यात आहे, त्याची आम्हाला भीती वाटते. आणि नाव विचारायचं ते आधी तिथल्या माणसांना. कारवी, सोनकी, तेरडा, भारंगी, कुर्डू ही नावं विद्यापीठांनी दिलेली नाहीत. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आयाबायांना कुठली भाजी कुठल्या नक्षत्रात कोवळी असते ते ठाऊक आहे; तेही निरीक्षणच आहे, पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेलं. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत हेच करत राहिले. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या पिशवीत असतं.

‘मला माहीत नाही’ असं म्हणायला आमच्यात लाज नाही. ‘नासाच्या शास्त्रज्ञांनी सूर्यातून ओंकार ऐकला’ अशा निरोपांना मात्र थारा नाही, मग तो कुणाच्या सख्ख्या काकांनी पाठवलेला असला तरी. खोटं विज्ञान सजवून आणलेलं आम्हाला चालत नाही. खरा सूर्य पुरेसा अचाट आहे. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी तो पुण्या-मुंबईत बरोब्बर डोक्यावर येतो आणि अंगणातल्या उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी आमची सभा उन्हात असते, काठीभोवती. टोपी घालून या.

मागण्या थोड्या आहेत. शाळांकडे मागणं हे, की महिन्यातून एक तास वर्गाबाहेर घ्या आणि त्यावर परीक्षा घेऊ नका. घाटरस्ते बांधणाऱ्यांकडे मागणं हे, की ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीशेजारी एक पाटी त्या तांबड्या पट्ट्याबद्दलही लावा. थांबायला जागा असेल तिथेच, अर्थात. शास्त्रज्ञांना विनंती, की तुम्ही जे इंग्रजीत लिहिता त्यातलं चार पानं मराठीत लिहा आणि आम्हाला अडाणी समजू नका. कवींना एवढंच, की घाबरू नका.

हरिश्चंद्रगडाची गोष्ट शेवटी राहिली. कोकणकड्यावर पावसाळी सकाळी कधी खाली दरी धुक्याने भरते, पाठीमागे सूर्य उगवतो आणि धुक्यावर आपली सावली पडते. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसते, पूर्ण गोल. याला इंद्रवज्र म्हणतात. कंपनी सरकारचे अधिकारी सायक्स यांनी १८३५ साली त्याची नोंद केली. साध्या इंद्रधनुष्याचे थेंब मोठे असतात; हे धुक्याच्या इतक्या बारीक थेंबांतून होतं, की प्रकाशाला लाट मानल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही. शेजारी शेजारी पाच जण उभे राहिले, तर प्रत्येकाला प्रभावळ आपल्याच डोक्याभोवती दिसते, दुसऱ्याच्या नाही. आमच्यातला एक जण हे न कळता तिथे उभा होता आणि त्याला वाटलं, आपल्याला साक्षात्कार झाला. पुढच्या वर्षी कारण वाचून तो पुन्हा गेला. चार दिवस धुकंच जमेना, तंबू भिजला, पाचव्या सकाळी कडी दिसली. तो म्हणतो, दुसऱ्या वेळी जास्त वेळ रडू आलं. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही तिथे जाऊन ठरवा, पहिलं वर्ष सरल्यावर.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की येणाऱ्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसहाला, आम्ही आपापल्या गावाजवळच्या एका बंद दगडखाणीपाशी जमणार आहोत. वर्गणी नाही. वय विचारत नाही. निसरड्यावर चालणारी चप्पल आणि दहापट दाखवणारं भिंग घेऊन या. भिंग नसेल तर आमच्याकडे चार आहेत. चहा थर्मासमध्ये असेल, पेला मात्र घरून आणा.